पुतण्याचा नंबर

२०२२ साल. मी शहात्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, तीही पावसाळा सोडून. पण हिशोब, हद्दी, कोणाचं लग्न कधी झालं, सगळं माझ्या डोक्यात. लिहून ठेवायची मला कधी गरज पडली नाही.

बँकेच्या कार्डाचा आकडाही मी लिहिला नव्हता. आता तो जुना झाला, म्हणून सांगतो. वरच्या बागेत आमच्या हापूसच्या कलमांच्या चार ओळी आहेत. पहिलीत सात झाडं, दुसरीत पाच, तिसरीत आठ, चौथीत सहा. मशीनपुढे उभा राहिलो की डोळे मिटून बागेतून चालायचो आणि बटणं दाबायचो. दहा वर्षं एकदासुद्धा चुकलो नाही.

त्या वर्षी वाऱ्याने तिसऱ्या ओळीतलं एक कलम मुळासकट पाडलं. लाकूड तोडून जागा मोकळी केली. पुढल्या महिन्यात रत्नागिरीला गेलो, डोळे मिटले, तिसऱ्या ओळीत सात. तीनदा सातच दाबले. कार्ड बंद पडलं. पडलेलं झाड मी मोजणार कसं?

सोबत पुतण्या होता. जयगडला कामाला असतो, त्या दिवशी त्याला सुट्टी होती. तो सगळ्यांसमोर बँकेतल्या बाईंना बोलला, "वय झालं ओ, मॅडम. काकांना आता काय आठवत नाय. माझाच नंबर लावा." बाई हसल्या. लायनीतले दोघं हसले. कार्डाचा नवा आकडा मोबाईलवर येणार होता, आणि माझा फोन घरी चार्जिंगला. झाडाची गोष्ट तिथे सांगितली असती तर आणखी हसले असते. मी मुकाट सही केली.

तेव्हापासून माझं सगळं त्याच्या खिशात. मी काही काढलं की त्याचा मोबाईल वाजायचा. चहाच्या टपरीवर चारचौघांत विचारायचा, "काय काका, काल बँकेत जाऊन आलात? आज सुरमई वाटतं!" लोक हसायचे. मीही हसायचो. आतून जळायचो.

मी दिवाळीपर्यंत वाट बघितली. वाट बघणं मला जमतं.

पुतण्याने खाली नवं घर बांधलं होतं. पाण्याचा पाईप माझ्या जमिनीतून न्यायचा होता, त्याला माझी संमती हवी. ग्रामपंचायतीत कागद तयार, ग्रामसेवक बसलेले, पुतण्याने पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

मी कागदाकडे बघत बसलो.

"काका, इथं सही."

"सही कशी असते रे माझी?"

"म्हणजे?"

"आठवत नाय. वय झालं. तुझ्या मोबाईलवर मेसेज आला असेल बघ."

ग्रामसेवक खिडकीकडे तोंड फिरवून हसले. पुतण्या लाल झाला. "काका, मस्करी पुरे. प्लंबर उद्या यायचाय."

"कसला प्लंबर?" मी विचारलं.

"काका, चुकलं माझं. पाया पडतो."

"पड," मी बोललो. तो पडला. मी पेन टेबलावर ठेवलं आणि उठलो. त्याची बायको कळशा घेऊन माझ्या विहिरीवर येते, ते मी कधी अडवलं नाही. पाईप ही वेगळी गोष्ट. मला वाईट वाटायला हवं होतं, असं आमची ही म्हणाली. मला नाही वाटलं. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने रत्नागिरीला गेलो. आधारकार्ड, पासबुक आणि माझा बटणांचा फोन पिशवीत. बँक उघडायच्या आधीच पायरीवर बसलो होतो. बाई त्याच. मी फॉर्म मागितला आणि माझ्या फोनचा नंबर, दहाच्या दहा आकडे, कुठेही न बघता लिहिला. खाली सही केली.

"जुन्या नंबरवर शेवटचा एक मेसेज जाईल हं, आजोबा," बाई बोलल्या. "नंबर बदलल्याचा."

"तेवढा जाऊ दे," मी बोललो, आणि तो गेल्याशिवाय खुर्चीवरून हललो नाही.