साखळीचे वरचे टोक

मामांना एक साधा प्रश्न विचारायचा त्या दिवशी माझ्याकडून राहून गेला. तीन शब्दांचा प्रश्न. मला लिहिता येते असा माझा दावा नाही. पंपघरात पस्तीस वर्षे नोंदवही भरली, तेवढेच माझे लेखन: कोणता पंप किती वाजता चालू, किती वाजता बंद, विहिरीत पाणी किती फूट. पण मामांबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवे, आणि तो दिवस पाहिलेल्यांपैकी आता मीच उरलो आहे.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. ते सगळ्यांचेच मामा. साहेबसुद्धा त्यांना मामा म्हणत. "आम्हाला मामा बनवू नका" असे बोलता बोलता कुणाच्या तोंडून गेले की ते लगेच म्हणत, "काळजी करू नकोस, ती जागा भरलेली आहे."

शहराचे सांडपाणी आमच्याकडच्या एका गोल विहिरीत येई. चाळीस फूट खोल. तळाशी दोन पंप, दोन्ही सदा पाण्यात बुडालेले. ते पाणी पुढे ढकलत. पंप बिघडला की वर काढायचा, दुरुस्त झाला की परत खाली सोडायचा, हे मामांचे काम. ऐकायला सोपे वाटते. पण एकेक पंप सहा माणसांच्या वजनाचा. त्याच्या डोक्यावर लोखंडाचा एक कान, त्या कानाला साखळी, आणि साखळी थेट विहिरीच्या कठड्यापर्यंत. तळापासून वरपर्यंत दोन उभे पाइप होते. दांडीवरून पडदा सरकावा तसा पंप त्या पाइपांवरून खालीवर सरके आणि तळाशी आपल्या जागी जाऊन बसे.

वर लोखंडी चौकट आणि तिला चेनकप्पी टांगलेली. कप्पीची झेप दहाच फुटांची. म्हणून पंप दहा फूट सोडायचा, कठड्यावर जाड पहार आडवी टाकून ती साखळीच्या कडीत घालायची, पंप पहारीवर टांगून ठेवायचा, कप्पीचा हुक वर घेऊन साखळीची पुढची कडी धरायची, पुन्हा दहा फूट. असे चार वेळा. पंप बसला की साखळी सैल पडते. मग तिचे वरचे टोक कठड्याच्या आतल्या बाजूच्या हुकात अडकवायचे. हे टोक म्हणजे सगळे. ते पाण्यात गेले तर पंप हाताबाहेर गेला, आणि तो आणायला माणूस खाली जाणार.

म्हणून मामांचा तो प्रश्न: "हुक लावला का?" फिटरला, रखवालदाराला, पाणी प्यायला आलेल्या पाहुण्यालासुद्धा. फिटरचे लग्न ठरले तेव्हा मामांनी त्याचे अभिनंदन केलेच नाही. पाठीवर थाप मारून म्हणाले, "हुक लावला का?" तो बिचारा लग्न होईपर्यंत त्याच नावाने ओळखला गेला.

मामा आणि मी एकाच रांगेतल्या खोल्यांत राहायचो, मध्ये एकच भिंत. त्यामुळे मामींचा प्रश्नही मला पाठ होता. संध्याकाळी मामा दारात आले की चपला काढायच्या आधी मामी विचारत, "आज कोणी खाली उतरलं नाही ना?"

"नाही."

मग चहाची भांडी वाजत. तीस वर्षांत हे चुकले नाही.

त्याचे कारण मामींचा धाकटा भाऊ. मामांनीच त्याला पंपघरात चिकटवले होते. तेव्हा साखळी नव्हती, दोर असे. एकदा दोर कुजून तुटला आणि पंप खाली राहिला. तेव्हाचा मुकादम म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे, कुणीतरी उतरा." मेहुणा उतरला. वर कमरेचा दोर मामांच्या हातात. खालच्या हवेत विष असते हे तेव्हा आमच्यातल्या कुणाला नीट ठाऊक नव्हते. दोर एकदम जड झाला. मामांनी त्याला वर ओढला, पण वर आले ते नुसते वजन. मामी मामांना कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त तो प्रश्न विचारू लागल्या.

त्यानंतर मामांनी दोर काढून साखळ्या लावून घेतल्या, हुक बसवून घेतले, आणि आपण असेपर्यंत विहिरीत माणूस उतरणार नाही असे ठरवले. कुणाला सांगितले नाही. पण आम्हाला कळत होते.

आता त्या दिवसाचे. निवृत्तीला चार महिने राहिले होते. दोन नंबरचा पंप दुरुस्त होऊन आला होता, तो सकाळी सोडला. तळाशी बसला, साखळी सैल झाली. मामांनी कप्पीचा हुक सोडवला, साखळीचे टोक कठड्यावर ठेवले आणि हात पुसायला फडके घेतले. तेवढ्यात आतून फिटर ओरडला, "मामा, चालू करू?"

"कर."

मी वही घेऊन दोन हात अंतरावर उभा होतो. टोक कठड्यावर पडलेले मला दिसत होते. हुक रिकामा दिसत होता. मनात आले, विचारावे का? मग वाटले, मामांना? सूर्याला काजव्याने उजेड दाखवायचा? आता अडकवतीलच ते. मी वहीत वेळ लिहिली.

पंप सुरू झाला तसा कठडा थरथरू लागला. एक कडी आत सरकली, मग दुसरी. मग भांड्यांची फळी कोसळावी तसा आवाज करत सगळी साखळी गेली. मामा झेपावले, त्यांची मूठ हवेत मिटली. त्यांनी रिकाम्या हुकाकडे पाहिले.

"गेली," ते म्हणाले. "माझ्याच हातून गेली."

पंप चालता राहिला असता तर निवांत विचार करता आला असता. पण वीस मिनिटांत त्यात चिंधी अडकली आणि तो बंद पडला. उरला एक नंबर, तो आधीच कण्हत होता, दुरुस्तीची पुढची पाळी त्याचीच होती. तो थांबला तर संध्याकाळपर्यंत खालच्या गल्लीतल्या घरांत घाण पाणी शिरणार.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा फोन थांबत नव्हता.

"मामा, तुमच्याकडून?"

"माझ्याकडूनच."

"बरं, झालं ते झालं. कंत्राटदाराकडे एक माणूस आहे. कमरेला दोर बांधून उतरेल, नवी साखळी कानात अडकवून येईल. दोन मिनिटांचं काम."

"साहेब, ती दोन मिनिटं मी एकदा मोजली आहेत."

साहेबांनी वाजणारा फोन बंद केला. "मग काय, विजेची केबल धरून ओढायचा?"

"केबल तुटली तर दोन्हीकडून गेलो. त्याला कान दिलाय तो धरण्यासाठीच. कान धरूनच आणतो वर."

"मी दोन वाजेपर्यंत थांबतो. त्या गल्लीतल्या लोकांना तोंड मला द्यायचंय, मामा. दोनला माणूस उतरणार."

"उतरायचीच वेळ आली तर मी उतरेन. दुसरा कोणी नाही."

फिटर म्हणाला, "मामा, वय बघा जरा."

"वय नंतर बघू. तू वेल्डिंगच्या कांड्या किती आहेत ते बघ."

आधी आम्ही दोराला गळ बांधून साखळी चाचपडली. ती पंपाच्या मागे गाळात गेली होती. तासभरात वर आल्या चिंध्या, एक पिशवी आणि एक अख्खी चादर. फिटर म्हणाला, "मामा, निवृत्तीनंतर कापडाचं दुकान टाका." मामा हसले नाहीत. ते अंगणात गेले. तिथे जुना तसलाच एक पंप उभा होता, त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्याच्या कानाकडे पाहिले, मग विहिरीतल्या दोन पाइपांकडे.

"पंप ज्या वाटेने गेला," ते म्हणाले, "त्याच वाटेने आपणही जायचं. चाचपडायचं कशाला?"

कान दोन्ही पाइपांपासून नेहमी सारख्याच अंतरावर असतो, हे त्यांना सुचले होते. लोखंडाची एक पट्टी घेतली. तिच्या दोन टोकांना पाइपाच्या मापाच्या कड्या जोडल्या, म्हणजे पट्टी पाइपांवरून सरळ खाली सरकेल. पट्टीच्या मधोमध खाली तोंड केलेला आकडा, आणि आकड्याच्या तोंडाशी एक जीभ, दाराच्या जुन्या स्प्रिंगवर बसवलेली. कान खालून आत शिरला की जीभ आत दबणार आणि मागून परत मिटणार. फिटरने त्या वस्तूचे नाव ठेवले मगर. अंगणातल्या पंपाला दोन काठ्या उभ्या धरून आम्ही ती सोडून पाहिली. मामांनी डोळे मिटले. टक्. "खाली काही दिसणार नाही," ते म्हणाले. "हा आवाज ध्यानात ठेवा."

एक वाजून गेला तेव्हा मगर नव्या साखळीला लावून विहिरीत सोडली. मामांनी साखळीवर तळहात ठेवला होता. टक् झाले. कप्पी ओढली, साखळी ताठ झाली, दोन फूट वर आली आणि एकदम ढिली पडली. वर काढली तर जिभेत एक चिंधी.

दीड वाजला. कंत्राटदाराचा माणूस येऊन पायरीवर सावलीत बसला होता, शेजारी दोराचे वेटोळे. शांत माणूस होता. त्याने चपला काढून नीट जोडीने भिंतीशी ठेवल्या होत्या. मामांची नजर त्या चपलांवर गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

मग ते म्हणाले, "एक नंबर बंद कर. दोन मिनिटं."

साहेब म्हणाले, "मामा, पाणी चढेल."

"चढू दे थोडं. मला ऐकू यायला हवं."

पंप बंद झाला. इतकी शांतता त्या जागी मी कधी अनुभवली नव्हती. मगर खाली गेली. यावेळी मामांनी ती लगेच टेकवली नाही. हातभर वर घेऊन दोनदा हलकेच आपटली, दारावर थाप द्यावी तशी, म्हणजे कानावरची चिंधी झटकली जावी. मग सोडली. टक्. त्यांनी तळहात साखळीवर टेकवला, फिटरला हळूहळू ओढायला लावले.

"हे वजन आपलं आहे," मामा म्हणाले. "येऊ दे."

एक नंबर पुन्हा सुरू केला. दहा फूट, पहार, पुन्हा दहा फूट. शेवटी पाण्यातून पंपाचे काळे डोके वर आले आणि त्याचा कान मगरीच्या जबड्यात पक्का होता. साहेबांनी फोन खिशात घातला. पायरीवरच्या माणसाने चपला पायात घातल्या आणि विचारले, "मग मी जाऊ?"

"जा बाबा," मामा म्हणाले. "सावकाश जा."

पंप साफ करून चारच्या पुढे परत सोडला. तळाशी बसला. साखळीचे टोक मामांच्या हातात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"विचार."

"काय?"

"मी रोज सगळ्यांना विचारतो ते."

मी पुटपुटलो, "हुक लावला का?"

"ऐकू नाही आलं."

"हुक लावला का?"

"लावला." त्यांनी टोक अडकवले आणि ओढून पाहिले.

तेव्हा मला राहवले नाही. म्हणालो, "मामा, सकाळी मी पाहिलं होतं. टोक कठड्यावर होतं, हुक रिकामा होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही चुकाल असं वाटलं नाही."

ते फडक्याने एकेक बोट पुसत राहिले. "मलाही तसंच वाटलं होतं," ते म्हणाले.

संध्याकाळी आम्ही बरोबरच घरी निघालो. मामी दारातच होत्या.

"आज कोणी खाली उतरलं नाही ना?"

"नाही" हा शब्द तीस वर्षांत पहिल्यांदा अडकला. "नाही उतरलं," मामा म्हणाले. "पण आज ती वेळ माझ्यामुळे आली होती." आणि उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्याच त्यांनी सगळे सांगितले. पायरीवरच्या माणसाच्या चपलांचेही सांगितले. माझे नाव त्यांनी कुठेच घेतले नाही, म्हणून ते मला घ्यावे लागले.

मामी ऐकत होत्या. त्यांचा एक हात दाराच्या चौकटीवर होता, तो काही त्यांनी खाली घेतला नाही. मला वाटले, आता तीस वर्षांचे सगळे बाहेर येणार. पण त्या एवढेच म्हणाल्या, "हे सगळ्यांना विचारतात. तिथे ह्यांना कोण विचारतं?"

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, उद्यापासून तुम्ही विचारायचं."

"मी?"

"तुम्हीच. आणि मोठ्याने. तुमचा आवाज तर मध्ये एकच भिंत असून आम्हाला कधी ऐकू येत नाही."

मग त्या बाजूला झाल्या आणि मामांनी चपला काढल्या.

पुढच्या चार महिन्यांत अकरा वेळा पंप सोडले. अकराही वेळा मी कठड्याजवळ जाऊन मोठ्याने विचारले, आणि अकराही वेळा मामांनी माझ्याकडे पाहून उत्तर दिले, जणू पहिल्यांदाच कुणी विचारते आहे. वहीत मी त्या सकाळची नोंद दुरुस्त केली. साखळी कुणाच्या हातून गेली ते लिहिले, आणि शेजारी कोण उभे होते तेही.

आणि भिंतीपलीकडून संध्याकाळी आता दोन प्रश्न ऐकू येत.

"आज कोणी खाली उतरलं नाही ना?"

"नाही."

"आणि तुम्हाला कोणी विचारलं?"

"विचारलं."

मग चहाची भांडी वाजत.