वहिनी, तुम्ही आतच थांबा

आपली टीम हरते म्हणून मला माझ्याच घराच्या हॉलमधून बाहेर काढतील, असं लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी हसून मेले असते. टीम हरायची ती स्वतःच्या कर्मानं. हातातले झेल सोडायचे, नसलेली दुसरी धाव घ्यायला पळायचं आणि शेवटच्या षटकांत फुलटॉसची खैरात करायची. यात सांगलीहून शारजात आलेल्या एका बाईचा काय संबंध? पण तो लावला गेला. आणि आज आठवलं तरी धक्का बसतो तो याचा, की मीही तो मुकाट्यानं मान्य केला.

क्रिकेटचं वेड मला वडिलांनी लावलं. दोघा भावांना त्यात काडीचा रस नव्हता, म्हणून वडील मला रेडिओपाशी घेऊन बसायचे. चेंडू कव्हरमधून गेला असं समालोचक म्हणाला, की कव्हर म्हणजे नेमकं कुठं ते टेबलावर शेंगदाणे मांडून दाखवायचे. मॅच संपली की मैदानच खाऊन टाकायचो आम्ही. माझं लग्न ठरलं आणि मुलगा शारजाला नोकरीला आहे असं कळलं, तेव्हा मैत्रिणी तिथल्या सोन्याचं बोलत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे तिथलं स्टेडियम उभं होतं.

आमचा फ्लॅट शारजाच्या रोल्ला भागात होता. हॉल, एक बेडरूम आणि चिंचोळं स्वयंपाकघर. नवरा एका बांधकाम सामानाच्या कंपनीत अकाउंट्सला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगते आहे, तेव्हा शारजात आपल्या मॅचेस व्हायच्या आणि त्यातली महत्त्वाची हमखास शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी असायची. आणि शुक्रवारी आपण हरायचो. गल्लीतल्या किराणावाल्या मल्याळी चेट्टनपासून ते गाडी धुणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांनी हे गृहीतच धरलं होतं. सकाळी दूध आणायला गेलं की चेट्टन म्हणायचा, "आज फ्रायडे है, भाभी," आणि हळहळल्यासारखी मान हलवायचा. मला त्याचा इतका राग यायचा की सुटे पैसे न घेताच मी परत फिरायची.

मॅचला आमच्याकडे दोन पाहुणे ठरलेले. एक नवऱ्याच्या ऑफिसातले पुण्याचे गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, आणि दुसरा चिपळूणचा ड्राफ्ट्समन. दोघांचीही कुटुंबं देशात. त्यांचा नियम असा, की आपली जोडी जमली की जो जिथं आणि जसा बसलाय त्यानं तिथून हलायचं नाही. एकदा ड्राफ्ट्समननं रिकामा कप तासभर हातात धरला होता, कारण चहा पिऊन झाला आणि लागोपाठ दोन चौकार गेले. काकांच्या पायाला मुंग्या आल्या तरी ते मांडी मोडत नसत. ही इंजिनियर-अकाउंटंट मंडळी हे करतात याची मला तेव्हा मजा वाटायची.

मग एक शुक्रवार आला. आपण पाठलाग करत होतो आणि चार गडी बघता बघता तंबूत परतले होते. हॉलमध्ये सुतकी शांतता होती. मी चहा टाकायला आत गेले आणि बाहेर आरोळी उठली. चौकार. पाठोपाठ दुसरी आरोळी. हातात गाळणं तसंच धरून मी धावत बाहेर आले, तर माझ्या डोळ्यांदेखत फलंदाज पायचीत. मी पुन्हा आत गेले, कारण चहा उतू जात होता. बाहेर पुन्हा धावा सुरू झाल्या. दुसऱ्यांदा मी दारात आले तेव्हा काकांनी टीव्हीवरची नजर न काढता हात जोडले.

"वहिनी, तुम्ही आतच थांबा. थोडा वेळ."

मला वाटलं गंमत करतायत. नवऱ्याकडे बघितलं. तो हसला आणि म्हणाला, "अगं, टीमसाठी!"

आणि त्या दिवशी आपण जिंकलो. काय करणार? ड्राफ्ट्समननं आत येऊन मला वाकून नमस्कार केला. "वहिनी, आजची मॅन ऑफ द मॅच तुम्ही!" मीसुद्धा हसले. ते हसू मला फार महागात पडलं.

पुढच्या मॅचपासून माझी नेमणूक पक्की झाली. नाणेफेक झाली की तिघेही माझ्याकडे बघायचे, तोंडानं काही न बोलता. डोक्यात तिडीक जायची. एकदा मी ठणकावलं, "अहो, मला तुमच्या तिघांपेक्षा जास्त कळतं त्यातलं. मी इथंच उभी राहणार." आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. साऱ्या देशाचा लाडका फलंदाज खेळत होता. दुसऱ्याच षटकात त्याचा त्रिफळा उडाला. कुणी मला दोष दिला असता तर मी भांडले असते. कुणी एक अक्षर बोललं नाही. काकांनी फक्त डोळे मिटून घेतले. त्या शांततेनं माझी दातखीळ बसवली.

त्यानंतर मला कुणी आत जायला सांगितलं नाही. मीच जायला लागले. माझ्या जिवाला हे कळत होतं, की स्टेडियममधल्या त्या फलंदाजाला माझ्या घराचा पत्ताही माहीत नाही. तरी मनात येई, समजा खरंच असलं तर? ज्या टीमसाठी मी लहानपणी जेवण टाकलंय तिच्यासाठी चार भिंतींआड बसणं काय मोठं? अंधश्रद्धा म्हणजे गावाकडच्या अडाण्यांची असं समजणारी मी, बी.एस्सी. झालेली, एक्झॉस्ट फॅन बंद करून घामानं निथळत उभी राहायची. फॅनच्या घरघरीत हॉलमधलं ऐकू येत नसे म्हणून. काकांचं च्च् म्हणजे हुकलेला चेंडू, ड्राफ्ट्समनचं "अरे यार" म्हणजे विकेट, आणि नवरा गप्प म्हणजे सगळं संपलं.

बरं, टीम तरी जिंकावी? हरायची ती हरायचीच. मी आत असतानाही हरायची! पण त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. उलट एकदा मॅच हरल्यावर ड्राफ्ट्समन चपला घालता घालता अगदी प्रेमानं म्हणाला, "आज वहिनी मधे डोकावल्या वाटतं." मी डोकावले नव्हते. मी भांडी घासत होते.

समोरच्या फ्लॅटमध्ये लाहोरचं कुटुंब राहायचं. तिथं नेमका उलटा प्रकार. ती बाई हॉलमध्ये बसली की त्यांची टीम जिंकते असा तिच्या नवऱ्याचा ठाम समज होता. तिला क्रिकेटचा मनस्वी कंटाळा. दिवसभर तिला टीव्हीसमोर बसवून ठेवायचे, जेवण बाहेरून मागवायचे. जिंकल्यावर ती आमच्याकडे शेवया घेऊन यायची आणि म्हणायची, "बाजी, दिल छोटा मत करो. मेरी तो कमर टूट गई बैठे बैठे." मी तिच्या तोंडाकडे बघतच राहायची. जिला बघायचं नाही ती बघते आणि मला बघायचंय तर मी ओट्यापाशी.

माझी एकच खिडकी होती, माझी मुलगी. सात वर्षांची झाली तोवर तिलाही वेड लागलं होतं. मॅच नसेल त्या दिवशी मी तिला सगळं शिकवायची, गुगली म्हणजे काय, मिडऑन कुठं असतो. मॅचच्या दिवशी ती बाबांना चिकटून बसायची आणि मिनिटामिनिटाला धावत येऊन मला बातमी द्यायची. "आई, फोर!" "आई, ही इज ऑन नाइंटी!" मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत सांगायची, आणि उत्तर देता देताच परत पळायची. तिच्या तोंडून ऐकलेल्या धावा मला माझ्या वाटायच्या.

मग ती फायनल आली. समोरच्यांच्याच टीमशी, शुक्रवारी. आपण पाठलाग करत होतो आणि सुरुवात झकास झाली होती. मुलगी उड्या मारत आत-बाहेर करत होती. मी साबुदाणावडे तळत होते आणि मनात म्हणत होते, आज होणार. आज नक्की होणार.

मग बाहेर एक "अरे यार" ऐकू आलं. थोड्या वेळानं दुसरं. मुलगी आली नाही. मला वाटलं, वाईट बातमी द्यायला नको वाटत असेल तिला. आणखी तीन गडी गेले, तरी कुणीच आलं नाही. मी गॅस बंद केला. वाकून कढई खाली ठेवताना फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मला तिच्या फ्रॉकची कड दिसली.

माझी मुलगी तिथं उकिडवी बसली होती. दोन्ही कानांत बोटं, डोळे गच्च मिटलेले.

मी खाली बसून तिची बोटं काढली. "इथं काय करतेस गं? मॅच बघ ना."

"नो."

"का? बाबा ओरडले?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"मग कोण काय बोललं?"

"नोबडी. आय वॉज वॉचिंग अँड ही गॉट आउट. देन आय लुक्ड अगेन अँड द अदर वन गॉट आउट." तिनं माझ्याकडे बघितलं. रडत नव्हती. अगदी शांतपणे, शाळेतलं उत्तर सांगावं तसं म्हणाली, "आय ॲम लाइक यू, आई."

मी ओट्याला धरून उभी राहिले. आमच्या सांगलीच्या गल्लीत एक बाई होती. लग्नकार्यात तिला मागच्या खोलीत पापड तळायला बसवत. पांढऱ्या पायाची म्हणायचे तिला. आम्हा मुलींना तिचं काही वाटत नसे, कारण ती स्वतःच येऊन मागे बसायची, कुणी सांगावं लागत नसे. ती बाई मला स्वच्छ आठवली. माझ्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती प्रत्येक मॅचला मला आत जाताना बघत होती, एवढंच. असला संताप मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढू तेही कळेना.

मी तिला फटीतून बाहेर ओढलं, मनगट धरलं आणि हॉलमध्ये गेले.

"अगं, आत्ता नको," नवरा टीव्हीकडे बघतच म्हणाला. "आठच ओव्हर्स राहिल्यात."

"वहिनी, प्लीज," ड्राफ्ट्समन रडकुंडीला आला. "पाच विकेट आहेत हातात. खलास होईल सगळं."

काकांनी हात जोडले.

मी सोफ्यावर नवरा आणि काका यांच्या मधोमध जाऊन बसले आणि मुलीला मांडीवर घेतलं. "ही फ्रिजच्या मागे कानात बोटं घालून बसली होती," मी म्हणाले. "तिला वाटतंय तिनं बघितलं की विकेट पडते."

नवऱ्यानं पहिल्यांदा टीव्हीवरून नजर काढली. त्याचा चेहरा पांढरा पडला. "नाही गं बाळा, असं काही..." त्यानं सुरुवात केली, पण पुढे काय म्हणावं ते त्याला सुचेना. सुचणार कसं? इतकी वर्षं आत राहिलेली मी त्याच्या शेजारीच बसले होते. काकांचे जोडलेले हात हळूच खाली आले.

गोलंदाज धावत आला. पुढच्याच चेंडूवर विकेट पडली.

माझ्याही छातीत धस्स झालं, खोटं कशाला बोलू. मांडीवरची पोर ताठ झाली आणि घसरून खाली उतरू लागली, स्वयंपाकघराकडे जायला. तिनं आधी बाबांकडे बघितलं. ते काही बोलतील म्हणून मीही बघितलं. त्यांच्या डोळ्यांत, निमिषभरच, तीच जुनी शंका होती. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि तरी ती शंका होती.

"बैस," मी तिला म्हणाले आणि कमरेला घट्ट विळखा घातला. "आता परत दाखवतील. नीट बघ."

टीव्हीवर तोच चेंडू पुन्हा सावकाश दाखवू लागले. तिनं डोळे झाकले होते. मी तिचे हात बाजूला केले. "बघ. सरळ चेंडूला बॅट आडवी घातली त्यानं. दिसली?"

तिनं बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "व्हाय डिड ही डू दॅट?"

"घाई झाली त्याला."

पुढचा गडी आला आणि त्यानंही घाई केली. ती हलली नाही. त्यापुढचा धावबाद झाला तेव्हा "नो रन! नो रन!" म्हणून ती आमच्या सगळ्यांआधी ओरडली होती. शेवटची विकेट पडली आणि समोरच्या फ्लॅटमध्ये एकच जल्लोष उठला. खाली रोल्लाभर गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. नवरा, काका, ड्राफ्ट्समन, तिघेही मान खाली घालून बसले होते.

माझी मुलगी तोंड वर करून, हॉलच्या मधोमध, मोठ्यानं रडली. टीम हरली म्हणून रडली. मी तिला रडू दिलं.