दुसरा कोणी उपलब्ध नाही

माणूस समोर आला की हैबतीदादा रामराम घालायच्या आधी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळायचे आणि आकडा सांगायचे. "चार खांदे." नाहीतर, "कोरड्यात चार, चिखलात सहा." हा माणूस आजारी पडला तर त्याची डोली आलटून पालटून न्यायला किती जण लागतील, त्याचा हा आकडा. त्यात अभद्र बोलण्याचा हेतू नसे. शिंप्याची नजर छातीवर जाते, तशी यांची वजनावर जायची. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तर आकडाही निघाला नाही. "तुमाला काय, कारकून? कुनी बी पाठुंगळी घिऊन जाईल," म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. भोरात मित्र मला काडीपैलवान म्हणत, ते तरी बरं म्हणायचं!

लढाईचे दिवस होते. पासलीच्या वरच्या अंगाला लष्कराने छावणी टाकली होती आणि गोऱ्या शिपायांना डोंगर चढायला शिकवणं चाललं होतं. चढणं कमी, घसरणं जास्त. छावणीच्या दवाखान्यात मी कारकून होतो. मोडलेला शिपाई बांबूला बांधलेल्या घोंगडीत घालून वेल्ह्यापर्यंत न्यायचा, तिथून लष्कराची मोटार त्याला कापूरहोळच्या तंबूंतल्या मोठ्या दवाखान्यात नेई. पावसाळा तोंडावर आला, तेव्हा आमच्या कॅप्टन डॉक्टरांनी निविदा-बिविदा न मागवता डोलीचा तीन महिन्यांचा ठेका पासलीच्या एकट्या हैबतीदादांना द्यायचं ठरवलं. साहेब गोरे, अंगाने अघळपघळ, मनाने वाईट नव्हते. पण नियमापुढे बापाचंही ऐकले नसते.

ठेक्याच्या कागदावर एक रकाना होता : दुसऱ्या कोणाला काम का दिलं नाही? मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'दुसरा कोणी उपलब्ध नाही.' मराठीत अर्थ सांगितला तर दादा उखडलेच.

"ह्ये खोटं हाय! दुसरा न्हाई म्हंजी? आख्खं खोरं मेलं का काय?"

"दादा, कागदाची रीत असते ही."

"मंग कागदाला सांगा, डोली खांद्यावर जाती, नावावर न्हाई!"

अंगठा दिला, पण एक अट घालून. मोटारीत जागा असेल तर खोऱ्यातला आजारी माणूस तीत बसवायचा आणि कापूरहोळला त्याला औषधपाणी करायचं. बाकी काही मागितलं नाही. त्यांच्या थोरल्या सुनेचं पहिलं बाळंतपण अडलं होतं. डोली वेल्ह्यापर्यंत आली, पुढे न्यायला गाडी नव्हती, आणि मूल गेलं. आता ती पुन्हा पोटुशी होती, श्रावणात दिवस भरणार होते. साहेबांना गरज होती, त्यांनी अट लिहून दिली.

पहिला महिना बरा गेला. मग एके दिवशी साहेबांना वाटेत डोली आडवी आली आणि खाली खांदे सगळे अनोळखी! आमच्याकडची चाल अशी, की आजाऱ्याची डोली ज्या गावाच्या शिवेत शिरली त्या गावाने ती पुढच्या शिवेपर्यंत न्यायची. पासलीच्या माणसांनी आपल्या शिवेवर डोली टेकवायची आणि मागे फिरायचं. ठेक्यात मात्र स्वच्छ छापलेलं होतं, की काम दुसऱ्याकडे सोपवू नये. साहेबांनी दादांना बोलावून बजावलं : वेल्ह्यापर्यंत तुमचीच माणसं हवीत, नाहीतर ठेका रद्द, पुण्याहून हमाल येतील.

"दुसऱ्याच्या शिवंत आमचा खांदा?" दादा म्हणाले. "त्यांनी काय बांगड्या भरल्यात? उद्या त्यास्नी तोंड कसं दावू?"

बाहेर आल्यावर मात्र त्यांचा आवाज उतरला. "कारकून, ठेका ग्येला म्हंजी मोटार ग्येली. सुनंचं कसं व्हायचं?" त्यांना घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं.  मी तसाच आत जाऊन साहेबांना म्हणालो, एकदा स्वतः डोलीत बसून बघा, मग रद्द करा. साहेब तयार झाले! दादांनी त्यांना पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. "आठ. आन् वर एक, शिव्या खायला. त्यो मी."

आषाढाची झोड चालली होती. मी छत्री घेऊन मागे. पहिल्या शिवेच्या दगडाशी पासलीकरांनी साहेबांना अलगद खाली ठेवलं आणि मुंडाशी पिळत उभे राहिले. पलीकडे चिटपाखरू नाही, गाव सगळं भातलावणीला. घोंगडीतून गर्जना झाली, "चलो!"

"शिव हाय, सायेब," सगळे एका सुरात.

साहेब लालबुंद! मला वाटलं, संपलं सगळं. एवढ्यात दादांनी तोंडाशी हात धरून हाळी दिली, "डोलीऽऽ आलीऽऽ!" तशी खाचरांतून माणसं उठली. हातातली रोपं बांधावर टाकून, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन धावत आली. कोण आहे, काय झालंय, कोणी विचारलंसुद्धा नाही. उचलली डोली आणि निघाली पळत. पुढच्या शिवेवर दुसरी ताजी माणसं, त्यापुढे तिसरी. मधे कुठेतरी साहेबांची टोपी पडली, तीही शिवेशिवेला हात बदलत मागाहून वेल्ह्यात पोचली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, कानाला लावलं, पुन्हा पाहिलं. एकाच गावच्या माणसांना लागला असता त्याच्या निम्म्या वेळात आलो होतो. टोपीतलं पाणी ओतून त्यांनी मला ठेक्याचा कागद काढायला लावला, सोपवणुकीचं कलम खोडलं आणि त्या रकान्यात पुढचं वाक्य सांगितलं : 'दुसरा कोणी उपलब्ध नाही, कारण सगळे याच ठेक्यात आहेत.'

दादांना अर्थ सांगितला. "आता खरं लिवलं!" म्हणाले.

ठेका संपायला आठ दिवस राहिले आणि सुनेला कळा लागल्या. डोलीला पहिला खांदा दादांचा. शिवेवर आले, बांबू दुसऱ्याच्या खांद्यावर दिला. हात सुटता सुटेना त्यांचा. पण सोडला, आणि थोरल्या पोराच्या मागोमाग चालत राहिले. वेल्ह्यात मोटार उभी होती.

पुढे छावणी उठली, मोटार गेली, दादाही गेले. मला आठवतात ते कापूरहोळच्या तंबूबाहेर उकिडवे बसलेले. मोटारीतून आमच्याबरोबर आलेले साहेब दुपारी स्वतः बाहेर आले. सून सुखरूप होती, आणि हातातल्या टॉवेलात नातू ठणाणा करत होता. दादा उठले. सवयीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पण आकडा काही येईना.

"किती, दादा?" मीच विचारलं.

त्यांनी मुंडाशाने डोळे पुसले आणि पोराला उचलून आपल्या उजव्या खांद्यावर घेतलं.

"ह्याला व्हय? एक बास झाला."