पाय लांब धर

सायकलला मागून जोडायची, मुलांना बसवायची गाडी बघायला मी तिसऱ्यांदा दुकानात गेलो आणि तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने परतलो. दुकानदार वैतागला आहे. "काका, पट्टा आहे, जाळी आहे, उंच झेंडा आहे. अजून काय पाहिजे?" मी गाडीत हात घालून बोटं चाकाच्या तारांपर्यंत पोचतात का ते बघत होतो. पोचत नव्हती. तरी मी पुन्हा बघितलं.

गाडी माझ्या दोन वर्षांच्या मुलासाठी हवी आहे. सोबत त्याची दहा वर्षांची ताई होती. ती चार वर्षांची असताना मी तिला कॅरियरवर टॉवेलची घडी घालून बसवलं होतं आणि सांगितलं होतं, "पाय लांब धर." आपल्याकडे सगळेच सांगतात. चढावर तिचे पाय दमले आणि टाच तारांत गेली. किंकाळी ऐकल्यावरच मी मागे पाहिलं. तिला जपायचा सगळा भार मी तिच्याच एवढ्याशा पायांवर टाकला होता. त्याची चीड मी आता दुकानातल्या प्रत्येक पट्ट्यावर काढतो.

"चांगली आहे रे बाबा," ती म्हणाली. "पण तो मागे बसणार. तुला दिसणार कसा?"

दुकानदार लगेच आरसा आणायला आत गेला.

"आरसा कशाला? मी माझ्या सायकलवर मागून येईन ना. मी बघेन त्याच्याकडे."

तिच्या चपलेतून टाचेवरचा पांढरट व्रण दिसत होता. आरसा येण्याआधीच मी तिचा हात धरून बाहेर पडलो.