निर्मळच्या वाडीतली मॉर्टरगाडी

बायकोला हे माहीत नाही. मुलांना तर नाहीच. एकदा सांगायला तोंड उघडलं होतं — आणि दुसरंच काहीतरी बोलून गेलो. तेव्हा आता तुम्हीच ऐका. मला भला माणूस समजत असाल तर ते मात्र आधीच सोडून द्या.

मी लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपात फिटर होतो, पुढे फोरमन झालो. आमच्या निर्मळ गावात काय तोरा होता माझा! कुणाची स्कूटर अडली, पंप अडला, की मला विचारायचे; आणि मी गाडीकडे न बघताच निदान सांगायचो. निम्म्या वेळा बरोबर यायचं. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, मीही चढलो.

माझ्या चुलतभावाच्या, वसंताच्या केळीच्या वाडीत एक जुनी लढाईतली गाडी होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर लिलावात निघालेली, त्याच्या वडिलांनी आणलेली. पट्ट्यांवर चालणारी, वरून उघडी, जाड लोखंडाची. गाव तिला रणगाडा म्हणायचं, आम्ही वर्कशॉपवाले कॅरिअर. कित्येक वर्षं तिच्या इंजिनावर विहिरीचं पाणी निघालं. मग विजेचा पंप आला आणि ती कोंबड्यांची झाली. दसऱ्याला मात्र वसंता पंपाबरोबर तिलाही झेंडूचा हार घालायचा.

गोमाकाका जूचंद्र गावचे, बैलगाडीतून पेंढा विकायला आमच्याकडे यायचे. तरुणपणी पलटणीत असलीच गाडी चालवत इटलीपर्यंत जाऊन आलेले. आमची गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्याभोवती फिरले, मागच्या पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ही मॉर्टरची हाय, माजीबी अशीच होती. मॉर्टर म्हणजे उखळी तोफ, असल्या गाडीतून न्यायची. त्यांच्या शेजारच्या सीटवर सावळाराम, त्यांचा सावल्या, बसायचा. तो तिकडेच गेला, त्याच गाडीत, काकांच्या डोळ्यांदेखत. घरी त्याचं काहीच आलं नाही.

वाडीतली पोरं खिदळली. आणि मी? चहा पिता पिता, सगळ्यांसमोर बोलून गेलो — कसली मॉर्टर? साधी मशीनगनची आहे, पुढे बंदुकीची खाच दिसत नाही का! मी ती गाडी तोवर पुढूनच पाहिली होती, तीही सायकलवरून जाता जाता.

खाच तर मॉर्टरवालीलाही असते. मला ठाऊक नव्हतं का? होतं हो! फरक असतो तो मागे.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा दसरा. गोमाकाका हार घेऊन आले, स्वतः विकत घेतलेला, जाडजूड. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. चारचौघांत मला म्हणाले, "फोरमन, तू नीट बघ. मॉर्टरची आसंल तं सावल्याच्या नावाने हार घालीन. नसंल तं नको. भलत्याच गारीला त्याचा नाव कशाला?"

मग मी वाकलो. मागच्या पत्र्यावर मॉर्टरची बैठक अडकवायचे आकडे होते — गंजलेले, पण मूळचे. रिव्हेटवर अजून लष्करी हिरवा रंग. आत कोंबड्यांचा पेंढा बाजूला सारला तर खाली गोळे उभे ठेवायचे खण. मॉर्टरचीच गाडी! हात लावताक्षणी कळलं मला. मागे वसंता उभा, ती पोरं उभी. आणि मनात काय आलं, सांगू? आता माझं हसं होणार. एवढंच. दुसरं काही नाही.

मी तो पेंढा खणांवर परत लोटला.

"आकडे पंपाच्या मिस्त्रीने मारलेत, काका. साधी गाडी आहे."

ते माझ्याशी भांडले असते तर! दोन शिव्या घातल्या असत्या तर! पण नाही. "तू म्हनतस तं तसंच आसंल," म्हणाले, आणि हार पिशवीत परत ठेवला. बैलगाडी जुंपताना बैलाशी बोलावं तसं हळू म्हणाले, "मंग मना काय आठवतं?"

पुढे पोरांनी छेडलं की तेच माझी बाजू घ्यायचे. नाय रे, फोरमनने बघितली, साधी हाय, मीच भरमिष्ट झालो. वसंताने गाडी भंगारात दिली तेव्हाही मी गप्प. खरं सांगायला जायचं तर जूचंद्र काय लांब आहे? सायकल होती, रविवार होते. लाज वाटते, अजून वाटते.

एकदा तेच आले माझ्या घरी. बरेच थकले होते. पाणी प्यायले, ओटीवर बसले, आणि मग आत कोणी ऐकत नाही ना असं बघून त्यांनी मला विचारलं, "फोरमन... सावल्या तरी होता ना रे?"

मी म्हणालो, "असेल, काका."