दिराची अपडेट-वही

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सत्तेवर खरा अविश्वास ठेवणारा माणूस एकच आहे, आणि तो मी नाही, हे कबूल करायला मला जड जातं. तो माझ्या ताईचा दीर. 'न विचारता नियम बदलणाऱ्यांना जाब विचारा' हे वाक्य माझ्या प्रत्येक पत्रकात असतं. त्याने आयुष्यात एकही पत्रक लिहिलेलं नाही. तो लोहाऱ्याच्या एका कारखान्यातले संगणक सांभाळतो, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून कामं करतो, आणि अपडेट आलं की आधी शंभर पानी वही काढतो. कोणती आज्ञा काल काय उत्तर देत होती ते निळ्या शाईत. अपडेटनंतर तिचं वागणं बदललं असेल तर ते लाल शाईत. ताईच्या लग्नात, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या भावाच्या लग्नात, पंगतीला बोलावलं तर लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "थांबा, हे तारीख उलटी दाखवून राह्यलं." माझं एकही पत्रक शेवटपर्यंत न वाचलेली माझी आई ती वही मांडीवर घेऊन पानं उलटत होती.

तो फायलीच्या ओळीही मोजतो, ओठ हलवत. कामाआधी एकदा, नंतर एकदा. "आपले आजे बैलांवर माल नेत," तो म्हणतो. "तळ हलवाच्या आधी गोण्या मोजत, नव्या तळावर पुन्हा मोजत. मंग मी काहून नाही मोजू?" मीही बंजारा तांड्यातलाच. तरी हे वाक्य मला सुचलं नाही, याचा राग अजून आहे.

मागच्या उन्हाळ्यात झरी जामणीतल्या कोलाम पोडांवरच्या, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवरच्या, वनहक्क दाव्यांची यादी मी घाटंजीत करत होतो. दावे दाखल करायला दुसरा दिवस शेवटचा. नाव सुटलं की दावा गेला. मोठ्या फायलीतून कागद पूर्ण असलेल्यांची नावं वेगळी काढणारी आज्ञा त्यानेच शिकवली होती. सकाळीच संगणक अपडेट झाला होता. मी तीच आज्ञा दिली, यादी आली. शेवटी एक इंग्रजी ओळ होती. मराठी यादीत इंग्रजी कशाला, म्हणून मी ती तत्त्वाने खोडली.

तेवढ्यात तो ताईने पाठवलेलं लोणचं घेऊन आला.

"काय पत्रकवाले, ओळी मोजल्या का?"

"आज्ञा तुमचीच हाय. कायले मोजू?"

तो मोजत बसला, मग आज्ञा शिकवताना याच फायलीवर आलेला, वहीत टिपलेला आकडा पाहिला. "एक अख्खं पोड गेलं. शेवटी काही लिहून आलतं?"

"आलतं. इंग्रजीत. खोडलं."

तो हसला नाही, ते जास्त लागलं. फायलीत शेवटच्या पोडाच्या पहिल्याच नावात एक बिघडलेलं अक्षर होतं. पूर्वी ही आज्ञा ते ओलांडून पुढे जाई. आता तिथेच थांबली होती, आणि तसं त्या ओळीत सांगतही होती. त्याने आज्ञेत किरकोळ बदल केला. पोड परत आलं. वहीत एक लाल ओळ पडली, तीत माझं नाव नव्हतं.

दावे दाखल झाले. पोच वाटायला मी पोडावर गेलो, भाषण केलं, वहीवाल्याचा ओझरता उल्लेखही केला. एका आजीने पोच कनवटीला खोचली आणि माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"तो मोजनारा कधी येते?"

आणतो म्हणालो. परतीच्या बसमध्ये उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा मांडीवर होता. मी तो मोजला, ओठ हलवत. किती जणांनी पत्रक घेतलं ते मात्र कळलं नाही. निघताना मी मोजलंच नव्हतं.