शमुवेलकाकांचे हात

आमच्या गायनमंडळाचा सराव शनिवारी संध्याकाळी तासभर चालायचा आणि गप्पा दोन तास. साहजिकच पुढे गाणी विसरलो, किस्से राहिले. एक सांगायला घेतला की दुसरा आपणहून येतो. आणि प्रत्येकाच्या आधी मला परळमधलं आमचं लहानसं चर्च दिसतं. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत आलंय, त्यात गिरणीतून उडालेले कापसाचे तंतू तरंगतायत आणि शमुवेलकाका खालच्या पट्टीत गातायत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. बाहेर रोज मोर्चे, घोषणा. आत मात्र वेळ थांबल्यासारखा वाटायचा.

काका मूळचे नगरकडचे. लोअर परळच्या एका गिरणीत रंगखात्यात कामाला. कापडाला जो रंग चालू असेल तोच त्यांच्या हातांना, कोपरापर्यंत. साबण, लिंबू, राख, सगळं करून झालं होतं. आवाज मात्र असा, की डोळे मिटून ऐकलं तर वाटायचं, दूर समुद्रावरून कोणीतरी आपल्याला बोलावतंय.

सुशीलाबाई मंडळाच्या प्रमुख. शाळेत शिक्षिका, गाण्यात तयार, मनाने वाईट नव्हेत. पण टापटिपीच्या बाबतीत फार कडक. काकांचे हात त्यांना बघवायचे नाहीत.

*

चर्चच्या वर्धापनदिनाला मंडळाचा ग्रुप फोटो काढायचं ठरलं. दादरहून फोटोग्राफर आला. बाईंनी काकांना मागच्या रांगेत कडेला उभं केलं आणि हात पाठीमागे घ्यायला सांगितलं. काकांनी निमूट घेतले.

फोटोग्राफरने कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाखाली डोकं घातलं, पुन्हा बाहेर काढलं. ते गृहस्थ कैद्यासारखे का उभे आहेत, म्हणून विचारलं. बाईंनी त्याला बाजूला घेऊन कारण सांगितलं.

तो म्हणाला, "बाई, फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे."

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. अकरा जण आहोत. हात सगळ्यांचे एकाच करड्या रंगाचे.

*

एकदा एक परदेशी मिशनरी पाहुणे यायचे होते. या वेळी बाई तयारीत होत्या. त्यांनी काकांसाठी पांढरे हातमोजे आणले. दिवस मे महिन्याचे!

पाहुणे दारात एकेकाशी हात मिळवत आत येत होते. काकांचे मोजे पाहून थबकले. त्यांची उभी हयात महारोग्यांच्या इस्पितळात गेलेली. मोजे पाहून त्यांची काय समजूत झाली असेल, ते आम्हाला जरा उशिराच कळलं. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले आणि आपल्या सावकाश मराठीत या बंधूला आरोग्य मिळावं म्हणून लांबलचक प्रार्थना केली. काका मनापासून आमेन म्हणाले.

मग पाहुण्यांनी अगदी हळुवारपणे मोजा काढला. आत निळाशार पंजा. हे कधीपासून, त्यांनी काळजीने विचारलं.

"पंधरा दिवस झाले, साहेब," काका म्हणाले. "पण सोमवारपासून पिवळा आहे."

*

त्यानंतरच्याच रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला विषय घेतला तो राजा निवडायला गेलेल्या संदेष्ट्याचा. घरातला थोरला मुलगा उंच, देखणा. संदेष्ट्याला वाटलं, हाच राजा. देवाने त्याला थांबवलं, की तू चेहरा बघतोस, मी अंतःकरण बघतो. आणि मेंढरं राखणाऱ्या धाकट्याला रानातून बोलावणं गेलं.

रोख कुणाकडे होता ते सगळ्यांना कळलं. बाईंनाही कळलं. त्या मान खाली घालून वहीची पानं उलटत राहिल्या. उपासना संपली तरी कोणी त्यांच्याशी बोलेना. तेव्हा काकाच पाळकसाहेबांपाशी गेले. त्या संदेष्ट्याचं नावही शमुवेलच होतं.

काका सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेब, माझ्या नावाच्या एवढ्या मोठ्या माणसाची चूक झाली, तिथं बाईंचं काय घेऊन बसलात?"

बाई वही मिटून निघून गेल्या.

*

एका दुपारी लालबागला मोर्च्यावर अश्रुधूर सोडला. बाई शाळेतून घरी निघालेल्या, त्या करी रोडच्या पुलाजवळ गर्दीत सापडल्या. लोक सैरावैरा धावत सुटले. धक्का लागून त्या पडल्या, पाय मुरगळला, उठताच येईना. पुढे त्या सांगायच्या, सगळीकडे पांढरं धुकं होतं, माणसांचे नुसते आवाज येत होते, आणि आपण आता तुडवले जाणार एवढंच कळत होतं. तेवढ्यात कोणीतरी पाठीखाली हात घालून त्यांना उचललं. चेहरा दिसला नाही.

गिरणी अचानक सोडली होती. काका हात न धुताच बाहेर पडले होते. चाळींच्या बोळाबोळांतून त्यांनी बाईंना घरी आणलं. बाईंच्या आईने दार उघडलं. बाईंना खाटेवर ठेवून काका मागे सरले. पाणी देऊ केलं तेही घेतलं नाही. दारापाशी जाऊन तेवढं म्हणाले, "माफ करा, बाई. साडीला हात लागला."

साडी पांढरी होती. गिरणीत त्या आठवड्यात हिरवा चालू होता.

रविवारी बाई लंगडत चर्चमध्ये आल्या, त्याच साडीत. गाताना प्रमुख आमच्याकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे बाकांवरच्या मंडळीकडे तिची पाठ. बाई उभ्या राहिल्या. पाठीवरच्या पदरावर पाच हिरवी बोटं, मागच्या बाकावरूनही दिसतील अशी. त्यांनी पदर सारखा केला, हात वर उचलला, आणि आम्ही गायला सुरुवात केली.